दोन माणसांचं रीडिंग

आमच्या प्रताप नगरात एक माणूस होता. कोणाच्या घरी गेला की तो दाराकडे पाहत नसे, आधी मीटरकडे जाई. भर दुपारी खिशातला टॉर्च काढायचा, मीटरच्या काचेवर उजेड धरायचा, तोंडातल्या तोंडात आकडे म्हणायचा. मग भिंतीला कान लावायचा आणि घरच्या माणसाला विचारायचा, "घरात किती माणसं आहेत गा?"

तुम्ही चार म्हणालात तर तो चार धरून चालत नसे. पुन्हा मीटरकडे पाहायचा, पुन्हा तुमच्याकडे, आणि जीभ टाळ्याला लावून चक् असा आवाज काढायचा. सरळ माणसालाही त्या आवाजानं वाटायचं की आपण काहीतरी लपवून बसलो आहोत.

त्याला जाऊन आता वर्ष होत आलं. नाव लिहीत नाही. नाव घेऊन त्याला कोणी हाक मारतही नव्हतं. बाया 'मीटरभाऊ' म्हणत. मी पागल म्हणायचो, आणि त्याच्या तोंडावर म्हणायचो.

लाईटच्या ऑफिसात तो मीटर रीडर होता. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी खाकी शर्ट सुटला नव्हता. नवे भाडेकरू त्याला खरंच रीडिंगवाला समजत आणि कुत्रा बांधायला धावत. तो म्हणे, "बांधू नको. त्यायलेच भेटाले आलो."

कुत्र्यांना तो अहो-जाहो करायचा. "बसा. पाणी प्या. असं धावू नये तुम्ही, वय झालं आता." आणि माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला म्हणायचा, "काय गा पेंटर." मी आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या, म्हणून पेंटर. एकदा मी विचारलंच, "कुत्र्याले अहो अन् माणसाले अरे, हे कोणतं शिक्षण गा?"

"तीस वर्षं घरोघरी फिरलो," तो म्हणाला. "माणूस दारातून सांगे, साहेब नाही घरी. अन् साहेबाचे पाय पडद्याखालून दिसे. कुत्र्यानं असं कधी केलं नाही. असला तं भुंकला."

एका बंद पडलेल्या पीठगिरणीच्या मागं त्याची खोली होती. तिथं चार-पाच कुत्री असायचीच, सगळी म्हातारी. कोणाचा डोळा गेलेला, कोणाचे दात. म्हातारं कुत्रं कोणी रस्त्यावर सोडलं की तो उचलून आणायचा आणि त्याच्यासाठी घर शोधायचा. पिल्लाला हात लावत नसे. म्हणे, "पिल्लाले तं कोणीही नेते." घर मात्र असंतसं चालत नसे त्याला. तीनदा जाऊन रीडिंग घ्यायचा, सकाळी, दुपारी, सांजेला. तिन्ही वेळा मनासारखं आलं तरच कुत्रं द्यायचा. लोक हसत. पण त्यानं दिलेलं कुत्रं परत आलं असं मी तरी ऐकलं नव्हतं. एक सोडून. ते माझ्या घरचं.

चारेक वर्षांपूर्वी तो माझ्या मीटरपाशी घुटमळताना दिसला. आज दिसला, परवा दिसला.

"काय करून राहिला गा तू इथं?"

"रीडिंग."

"बिल तं मागच्याच हप्त्यात आलं."

"बिलाचं नाही. तुमच्या घराचं."

आठवड्यानं तो दोरीला एक कुत्री बांधून घेऊन आला. मौद्याकडे एका वीटभट्टीच्या मागं गरम राखेत पडून होती म्हणाला. अंगाचा रंग ओळखू येत नव्हता. तोंड पांढरं, डावा कान अर्धा, पुढचे दोन दात नाहीत. डॉक्टरनं वय दहा-अकरा सांगितलं. मी म्हटलं, हे मरणाला टेकलेलं जनावर माझ्या दारात काहून आणलं? त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या बायकोला म्हणाला, "बाई, दुपारी या घरात कोणी बोलत नाही. यायले ठेवून घ्या."

बायकोनं तिला तीनदा आंघोळ घातली. तिन्ही वेळा राखाडी पाणी निघालं. चौथ्यांदा बादली भरायला गेली तेवढ्यात कुत्री सुटली आणि घराभोवती पळायला लागली. एक चक्कर, दोन, पाच, दहा. अशी पळाली की मला वाटलं हिच्या अंगात काही शिरलं. बायको बादली धरून हसत उभी. म्हणाली, "माय वं, हे तं भिंगरी आहे." तेच नाव पडलं.

म्हातारी होती, पण बसणं तिला माहीत नव्हतं. बायको पहाटे तिला मैदानावर न्यायची. कोण कोणाला न्यायचं ते सांगता येत नाही. साठीची बाई दोरीमागं पळते आहे असं लोक पाहत. घरी येऊन पंधरा मिनिटं धापा टाकायची आणि म्हणायची, "आज दोन चकरा जास्त झाल्या." मी म्हणायचो, "पडशील एखाद्या दिवशी." ती पडली नाही. दुसऱ्याच आजारानं गेली.

सहा महिने आतल्या खोलीत खाटेवर होती. कुत्रीला आत येऊ द्यायचं नाही असं मुलीनं सांगितलं होतं, जंतू लागतात म्हणून. तर भिंगरी उंबऱ्यावर पडून राहायची. पळणं बंद, उड्या बंद. भिंतीला पाठ घासून घासून तिथं एक काळपट डाग पडला. मी रंगारी माणूस, डाग पाहिला की हात शिवशिवतो. पण तो पुसला नाही.

बायको गेली त्या सकाळी घर माणसांनी भरलं. मयतीत कुत्रं नको असं कोणीतरी म्हणालं आणि भिंगरीला न्हाणीघरात कोंडलं. तिच्यापुढून तिरडी गेली नाही, तिला काही दिसलं नाही. आतून तिचा आवाजही आला नाही. घाटावरून आलो, कडी काढली, तशी ती सरळ आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर गेली आणि पडली. जशी काल होती तशी.

मग ते सुरू झालं.

दुपारी चार वाजता बायको उठायची आणि चहा मागायची. चार वाजले की भिंगरी उंबऱ्यावर उठून उभी राहायची. खोलीचं दार ओढून घेतलेलं असायचं, त्या बंद दाराकडे तोंड करून शेपूट हलवायची. जोरात नाही, हळूहळू. कोणी जागं होतं आहे तेव्हा कुत्रं हलवतं तशी. कान पुढं यायचे. मग नजर दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकायची, जसं आत कोणी खाटेवरून उठून खिडकीपाशी गेलं. मी पुढच्या खोलीत कप घेऊन बसलेला असायचो आणि चहा तोंडात फिरायचा.

खोटं काहून सांगू, मी भ्यायचो. बायकोला नाही, चाळीस वर्षं नांदलेल्या बाईला काय भ्यायचं? भीती ही होती की कुत्रीला दिसतं आणि मला दिसत नाही.

लोकांना सांगायला माझ्याजवळ दुसरं कारण होतं. सांजेला भिंगरीच्या अंगातलं साठलेलं सगळं उसळायचं, दोरी हातात घेतली की मला ओढत न्यायची. एकदा चौकात पडलो, मनगट मोडलं. मुलगी वर्ध्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, एक तं कुत्री द्या कोणाले, नाही तं माझ्याकडे चला." प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मी पीठगिरणीमागच्या त्या खोलीवर गेलो.

"घेऊन जा तुझी कुत्री."

तो एका आंधळ्या कुत्र्याला भाकर कुस्करून देत होता. "परत घेत नाही मी. मीटर कधी उलटं फिरते का गा?"

"मंग मी काय करू? सोडून देऊ रस्त्यावर?"

त्यानं मान वर केली. त्याच्या नजरेपुढं मीच खाली पाहिलं.

"दुसरं घर पाहू," तो म्हणाला. "पण संगं तुलेही या लागन. ज्यानं सोडायचं त्यानं पाहायचं."

पहिलं घर आमच्याच बाजूचा एक बंगला. मोठा ऑफिसर होऊन रिटायर झालेला माणूस, त्याची बायको, मुलगा, सून. पुढं हिरवळ, मागं मोकळी जागा. मला घर पसंत पडलं. भिंगरीनंही हिरवळीवर चार चकरा मारल्या. सुनेनं पाणी आणून दिलं. हा मात्र बंगल्याच्या बाजूला मीटरपाशी उभा. आला तो टॉर्च विझवतच आला.

"घरात किती माणसं?"

"चार," ऑफिसर म्हणाला.

चक्. "पाच आहेत."

ऑफिसर हसला. "अहो, मी माझ्या घरात राहतो. मला माहीत नाही का?"

"मीटर पाचाचं आहे."

तेवढ्यात माझं लक्ष भिंगरीकडे गेलं. ती मान उचलून वरच्या मजल्याकडे पाहत होती. तिकडे एकच खिडकी, पडदा लावलेली. आणि वरून ठक्, ठक् असे दोन आवाज आले. लाकडावर लाकूड आपटल्यासारखे. सुनेचा चेहरा उतरला.

"आई आहे," ऑफिसर म्हणाला. "तिला बरं नसतं. ती खाली येत नाही, म्हणून धरली नाही."

यानं कुत्रीला हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाला, "चला तुम्ही."

रस्त्यावर येऊन मी त्याला बोललो. "घर चांगलं होतं. वरची बुढी काय कुत्रीले खाऊन टाकणार होती?"

"जे आपल्या मायले मोजत नाही ते यायले किती दिवस मोजतीन गा?"

पुढं मला समजलं की त्या दिवसानंतर दर गुरुवारी तो त्या खिडकीखाली जायचा. मीटर पाहायचा आणि आकडे मोठ्यानं वाचायचा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे. मग वरून दोनदा काठी वाजायची. ऑफिसरनं एकदा त्याला हाकललं. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर. "तिची मोजणी कोणी तं करा लागते," एवढंच म्हणाला.

दुसरं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कामठी रोडकडे. शाळेची व्हॅन चालवणारा माणूस, बायको, दोन लेकरं. तिथं तो तीनदा जाऊन आला आणि चक् न करता हो म्हणाला. व्हॅनवाला स्वतः येऊन भिंगरीला घेऊन गेला. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, उंबऱ्याकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी चारचा चहा गोड लागला. दुसऱ्या दिवशी मी कप हातात घेतला आणि उगाच उंबऱ्याकडे पाहत बसलो. डाग तेवढा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी गेट वाजलं.

आख्खं नागपूर तुडवत आली होती. चारही पाय सोललेले, फरशीवर रक्ताचे ठसे. मला ओलांडून आत गेली, उंबऱ्यावर अंग टाकलं आणि त्याच क्षणी झोपली. मागोमाग व्हॅनवाला आला. रडवेला झाला होता. "काका, जाळीवरून उडी मारली हो. एवढी उंच जाळी. म्हातारी म्हणून आम्ही ध्यान नाही दिलं."

मीटरवाला आला. कोमट पाण्यानं एकेक पाय धुतला, पट्ट्या बांधल्या. सगळा वेळ तिच्याशीच बोलत होता. "काहून आल्या तुम्ही? कोण होतं इथं? या पेंटरसाठी तं नाही आल्या."

तिसरं घर त्याच्या नजरेत होतं. नरखेड तालुक्यात एका गावी संत्र्या-मोसंबीचा बगीचा. एकटी बाई सांभाळायची, साठीतली, दणकट, बोलायला लागली की शेजारच्या शेतात ऐकू जाईल अशी. वांदरांनी तिचा जीव खाल्ला होता. तिला पळणारं कुत्रं पाहिजे होतं, वयाची पर्वा नव्हती. भिंगरीसाठी याहून बरं घर नव्हतं हे मलाही दिसत होतं.

"पण पाठवत नाही," तो म्हणाला. "कामठी रोडवरून आल्या, वाचल्या. नरखेडावरून निघाल्या तं रस्त्यात ट्रकखाली जातीन. ह्या निघतीनच. काहून येऊन राहिल्या ते समजल्याशिवाय मी यायले मराले पाठवत नाही."

आणि तो उठून माझ्या मीटरकडे गेला. बायको गेल्यावर पहिल्यांदाच. खूप वेळ उभा होता. मग असं काही केलं जे त्यानं कोणाच्याच घरी केलेलं मी पाहिलं नव्हतं. वहाणा काढून तो घरात आला.

"घरात किती माणसं आहेत गा पेंटर?"

"मी एकला. तुले माहीत नाही का?"

"मीटर दोन सांगून राहिलं."

तो भिंगरीच्या बाजूनं उंबऱ्यापर्यंत गेला आणि बंद दाराला कान लावला. त्याला जे ऐकू येत होतं ते मलाही येत होतं, आठ महिने रात्रंदिवस येत होतं. कर्र. कर्र. कर्र.

"अंदर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मंग पंखा कोणासाठी?"

मी हे मुलीलाही सांगितलं नव्हतं. आजारपणात बायकोला पंखा दोन नंबरवर लागायचा. तीनवर थंडी वाजायची, एकवर जीव घुसमटायचा. सहा महिने तो पंखा थांबला नाही. ती गेली, तिच्या जागी दिवा लावला, तेरा दिवस तेल घातलं, तेराव्याला दिवा उचलला. दिव्याचं काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. पंख्याचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. पंख्याचा विधी नसतो. मी बटनापर्यंत हात नेला आणि तसाच खाली घेतला. दार ओढून घेतलं. रात्री भिंतीपलीकडून कर्र कर्र यायचं आणि मला झोप लागायची.

तो खाली भिंगरीशेजारी फरशीवर बसला. पाठ त्या डागाला टेकली.

"नोकरीत असताना एक बंद घर होतं माझ्या रस्त्यात," त्यानं सांगायला घेतलं. "बुढा एकला राहे. दवाखान्यात नेला अन् तिथंच गेला. पोरं बाहेरगावचे, कुलूप लावून चालले गेले. मी महिन्याच्या महिन्याले जाऊ. कुलूप तसंच, अन् मीटरचं चाक फिरून राहिलं. सावकाश. गल्लीतले म्हणत, बुढा अंदरच आहे. पायरीवर त्याचा कुत्रा. हाडं निघाले होते त्याचे. कोणी भाकर टाकली तं खाये, पण पायरी सोडे नाही. पाचव्या महिन्याले मी पोरांकडून चाबी मागवली. उघडलं. अंदर पंखा चालू. नेताना कोणाच्या ध्यानातच नाही राहिलं. खाटेवरची चादर हालून राहिली होती, खाली कोणी श्वास घेते तशी. मी बटन बंद केलं. बाहेर आलो तं कुत्रा उभा. कान असे करून आयकत होता. मंग उतरला पायरीवरून अन् चालला गेला. मांगं पाहिलं नाही त्यानं."

"मंग?"

"मंग काय? तवापासून म्हातारे कुत्रे पाहून राहिलो."

मला आठवलं. लाईट गेली की भिंगरी ताडकन उठून उभी राहायची, आली की पुन्हा पडायची. मी म्हणायचो अंधाराला भिते. दिवसा लाईट गेली, पंखा थांबला तरीही उठायची, ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"बंद कर," तो म्हणाला.

"नाही करत."

"एका बटनाचं काम आहे."

"तुझी बायको मेली काय गा?"

"लग्नच नाही झालं."

"मंग तुले काय समजते?"

"मले नाही समजत," तो म्हणाला. राग नव्हता आवाजात. "यायले समजते. यायच्या हिशोबानं ती अंदर निजली आहे. तू निजवून ठेवली. उठू देत नाही अन् जाऊ देत नाही."

मी त्याला घरातून निघ म्हणालो. तो निघाला. दुसऱ्या दिवशी चारच्या आत गेटाबाहेरून आवाज आला, "अजून दोन." आणि गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेजारची बाई विचारायला लागली, "काका, दोन काय?" मी दार लावून घेतलं. आतून भिंगरीची शेपूट फरशीवर आपटल्याचा आवाज येत होता. टप्. टप्. टप्. चार वाजले होते.

भिंगरीचे पाय भरले. एका रविवारी संत्र्यावाली बाई माल टाकायला शहरात आली आणि रिकामी पिकअप घेऊन माझ्या दारात उभी राहिली. खिडकीतूनच बोलली, "पेंटरभाऊ, आज देता तं देता. वांदरांनी आंबिया बहाराचं एक फळ ठेवलं नाही हो झाडावर. नाही तं मी दुसरं कुत्रं पाहते." मीटरवाला गेटात उभा होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर मी नाही म्हणालो असतो.

मी आत गेलो. दार उघडलं. खाट, गादी, उशीवर तिची ओढणी. पंख्याच्या वाऱ्यानं ओढणीचं टोक उचललं जात होतं आणि पडत होतं. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येत नाही. चाळीस वर्षांत मी तिला झोपेतून कधी उठवलं नव्हतं. तीच मला उठवायची.

बटन बंद केलं.

पंखा एकदम थांबत नाही. कर्र कर्र करत फिरत राहतो, मध्ये जास्त वेळ जातो, मग अजून जास्त. शेवटी एक पातं माझ्या डोक्यावर येऊन थांबलं. त्या घरात इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं.

मग नखांचा आवाज आला. भिंगरीनं उंबरा ओलांडला, आजारपणापासून पहिल्यांदा. खाटेचे चारही पाय हुंगले. उशी हुंगली. खाटेखाली जाऊन आली. मी म्हटलं, "नाही आता." बायको मेल्यावर तिच्याबद्दल मी कोणापाशी काढलेले ते पहिलेच शब्द. कुत्रीनं ऐकले की नाही कोण जाणे.

ती परत आली नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. बगीच्यात मजेत आहे. बाईचा अधूनमधून फोन येतो. "पेंटरभाऊ, तुमची बुढी वांदरांमागं झाडावर चढाले पाहते." एकदा सांगत होती, "दुपारी चारले विहिरीपाशी जाऊन बसते. तिथं मी जात नाही हो त्या वेळी. वळसा घालून जाते. काहून ते मले नाही सांगता येत." मी विचारलंही नाही.

मीटरवाला त्या हिवाळ्यात गेला. आपल्या खोलीबाहेर खुर्चीवर बसल्या बसल्या. दिवसभर त्याची कुत्री भुंकली नाहीत, म्हणून लोकांना समजलं. दुसऱ्या दिवशी व्हॅनवाला आला, आणखी कोण कोण आले, ज्यांना त्यानं कधी कुत्रं दिलं होतं ते. कोणी बोलावलं नव्हतं. एकेकानं एकेक म्हातारं कुत्रं नेलं. मी नेलं नाही, माझं मनगट अजून दुखतं. मी त्या बंगल्याच्या खिडकीखाली जाऊन आलो एका गुरुवारी. मला मीटर वाचता येत नाही. नुसता उभा राहिलो आणि खाकरलो. वर पडदा हलला. काठी वाजली नाही.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं.

भिंगरी खोलीतून निघाली ती दारात थांबली. अंग बाजूला घेतलं, भिंतीला चिकटून उभी राहिली. घरात कोणी आजारी असलं आणि त्याला दारातून यायचं असलं की आपण वाट देतो, तशी. मी तिच्या मागं होतो. माझ्यासाठी असेल म्हणून मी पाऊल उचललं, तर तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तशीच थांबली. मग चालायला लागली. जी कुत्री जन्मात चालली नव्हती, नुसती पळाली होती, ती पुढच्या खोलीतून, ओट्यावरून, अंगणातून एकेक पाऊल टाकत गेली. दोन पावलं, थांबणं. दोन पावलं, थांबणं. शेवटच्या महिन्यात मी बायकोला धरून उन्हात आणायचो तेव्हा आम्हाला एवढाच वेळ लागायचा.

मीटरवाल्यानं गेटाचं एक फाटक उघडलं होतं. कुत्रीला एक फाटक पुरतं. त्यानं अंगणाकडे पाहिलं, खाली वाकला, खिट्टी काढली आणि दुसरंही उघडलं. आणि टॉर्च खिशात घातला.

पिकअपमध्ये बाईनं आपल्या बाजूचं दार उघडलं आणि ड्रायव्हरकडे सरकली. जागा झाली होती. भिंगरी खाली उभी राहिली, चढली नाही. बाईनं कुत्रीमागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग कुत्रीकडे, मग आणखी सरकली, पार ड्रायव्हरच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत. तेव्हा कुत्री चढली, आणि पायाशी जाऊन बसली. सीट मोकळीच होती.

बाईनं दार हळू लावलं, बोटं चेंगरू नयेत म्हणून आपण लावतो तसं.

गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी मोडका हात वर धरून ओट्यावर उभा होतो. कुत्रीसाठी नाही.